कोठ्यात उभी राहिलेली डिझेल गाडी पुन्हा रस्त्यावर आणताना

चार-पाच वर्षं कोठ्यात, पऱ्हाटीच्या ढिगाआड उभी असलेली कमांडर, जुनी बोलेरो किंवा सुमो बहुतेक वेळा दुरुस्त होण्यासारखीच असते. तिचं खरं नुकसान होतं ते बाहेर काढायच्या दिवशी. नवी बॅटरी जोडतात, किल्ली फिरवतात, नाही झाली सुरू तर ट्रॅक्टरला साखळी बांधून टोचन करतात. मग गंज धरलेल्या बोअरमधून, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीतून, पिस्टनच्या कोरड्या रिंगा खरडत जातात आणि टाकीच्या तळाचं पाणी थेट डिझेल पंपात शिरतं. म्हणून किल्लीला हात सगळ्यात शेवटी.

इथे सांगितलेलं सगळं मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनांसाठी आहे. कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या डिझेल गाडीचे पाइप घरी सोडू नका. तिथला दाब फार वेगळा असतो.

बोनेट सकाळच्या उजेडात उघडा आणि आधी लांब काठीने सीटखाली, चाकांच्या कमानीत, बॅटरीच्या जागी ठोका. पावसाळ्यानंतर तर साप असणारच असं धरून चाला. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कापूस भरलेला असतो, सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर असतं. दोन्ही साफ करा. कुरतडलेल्या वायरी टेपने झाकून भागत नाही, तुकडा बदला. बॅटरी जोडताना निगेटिव्ह केबलच्या मध्ये १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावा. सगळे स्विच बंद असताना बल्ब झगझगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत केबल सरळ जोडू नका.

इंजिन हाताने मोकळं करणं

ग्लो प्लगच्या (सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) बुडाशी आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर प्लग हेडमध्येच तुटतो आणि हेड उतरवावं लागतं. चारही प्लग काढले की प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली, निम्मं इंजिन ऑइल आणि निम्मं डिझेल सोडा. दोन रात्री तसंच राहू द्या. नंतर गाडी न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावा आणि इंजिन चालतं त्याच दिशेने सावकाश फिरवा. पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका. नाही हललं तर आणखी दोन दिवस थांबा. पूर्ण दोन फेरे झाले पाहिजेत. दर फेऱ्यात एकाच जागी टणक अडकत असेल तर टॅपेट कव्हर उघडून व्हॉल्व्ह चिकटलाय का ते बघा.

प्लग परत बसवण्याआधी भोकांवर जुनं फडकं टाकून स्टार्टर पाच-सात सेकंद मारा, आतलं जादा तेल बाहेर पडू द्या. तेल दाबलं जात नाही. ते आत राहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंडिकासारख्या टायमिंग बेल्टच्या गाडीत बेल्ट न बदलता स्टार्टर मारूच नका. रबर उभ्या-उभ्या सडतं, आणि बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

डिझेल: बहुतेक गाड्या इथेच अडतात

टाकीचा खालचा नट उघडून सगळं डिझेल पांढऱ्या बादलीत काढा. आधी पाणी येतं, मागून काळा चिकट गाळ. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे वाढणाऱ्या जंतूंचा हा थर असतो, आणि नवा फिल्टर तो दहा मिनिटांत चोंदवतो. त्यामुळे वरून नवं डिझेल ओतून उपयोग नाही. टाकी खाली उतरवा, थोड्या डिझेलने दोन-तीनदा खळखळून धुवा, आतली जाळी काढून साफ करा. फिल्टर नवा टाका. रबरी पाइप वाकवून बघा. भेग दिसली की बदला, रिटर्नचे बारीक पाइपसुद्धा. ज्या भेगेतून थेंब गळत नाही तिच्यातूनही पंप हवा ओढतो.

गाडी पहिल्यांदा कॅनवर चालवणं सगळ्यात सोयीचं. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये ताजं डिझेल घ्या, तो इंजिनपेक्षा उंच ठेवा आणि पाइप फिल्टरला जोडा. कॅनवर नीट चालली आणि टाकीवर बंद पडली, तर दोष टाकी ते फिल्टर या पट्ट्यातच आहे.

पाइपांत शिरलेली एअर काढायची ती अशी: फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू थोडा सैल करा आणि हातपंप मारत राहा. बुडबुडे संपून डिझेलची सलग धार आली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडचे चारही नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा, डिझेल झिरपलं की आवळा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका. तो कातडीतून आत शिरतो आणि बोट कापायची वेळ येते. नोझल काढले असतील तर तांब्याचे वायसर नवेच घाला.

डिझेल नोझलपर्यंत येतच नसेल तर किल्ली ऑन करून पंपावरच्या, डिझेल चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज ऐका. आवाज नसेल तर आधी तिथली वायर तपासा. पंपाच्या शाफ्टपाशी गळत असेल तर आतले सील वाळलेत. पंप घरी खोलू नका. अमरावती, अकोला, यवतमाळ, नागपूर अशा ठिकाणी पंप-नोझलची कामं होतात. तिथे बेंचवर कॅलिब्रेशन करून घ्या.

पहिला स्टार्ट

जुनं ऑइल काढा. दुधी रंगाचं निघालं तर त्यात पाणी मिसळलंय; हेड गॅसकेट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. साधं १५डब्ल्यू४० डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. हे फक्त धुण्यासाठी. सोलेनॉइडची वायर काढून, किंवा स्टॉप केबल ओढून धरून, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये एक मिनिट थांबा. ऑइलचा दिवा विझला की वायर जोडा, १५–२० सेकंद हीटर (ग्लो प्लग) द्या आणि सुरू करा. ग्लो प्लगच्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भडकतो आणि पिस्टन फुटतात.

शेजारी एक जाड फळी तयार ठेवा. इंजिन स्वतःहून सुसाट पळायला लागलं आणि किल्लीने बंद होईना, तर हवेचं तोंड फळीने दाबून बंद करा, हाताने नाही.

सुरुवातीचा पांढरा धूर पाच-दहा मिनिटांत जायला हवा. गरम झाल्यावरही राहिला तर नोझल खराब किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. सोबत रेडिएटरचं पाणीही घटत असेल तर हेड गॅसकेट. निळा धूर आठवडाभर चालवल्यावर अनेकदा कमी होतो, कारण चिकटलेल्या रिंगा मोकळ्या होतात. वीस मिनिटांनी ऑइल पुन्हा काढा, आता नवा फिल्टर आणि चांगलं ऑइल.

रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या क्षाराने नळ्या बुजतात आणि मे महिन्यात ४५ अंशांत गाडी चढावर उकळते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. इंजिनाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय चुकीची आहे. खराब असेल तर बदला.

ब्रेक आधी, फेरी नंतर

ड्रम उघडा. व्हील सिलिंडरचं रबर उचलल्यावर ओलं दिसलं तर किट टाका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून जुनं सगळं काढून झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४, भरा. साधारण एक लिटर लागतं. हवा मागच्या डाव्या चाकापासून काढा, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम पंपातून मिळतो, आणि तो बहुधा अल्टरनेटरच्या मागे असतो. पेडल लाकडासारखं कडक लागलं तर त्याचा पाइप आणि ऑइलची नळी बघा.

क्लच प्लेट चिकटली असेल तर पेडल दाबून लाकडाने अडवा आणि रात्रभर ठेवा. टायरवर चार आकडे असतात: २३१६ म्हणजे २०१६ सालचा २३वा आठवडा. बाजूला भेगा पडलेला टायर नक्षी शाबूत असली तरी बदला.

पंधरा वर्षं उलटली असतील तर आरटीओत पुनर्नोंदणी, आणि गाडी कितीही वर्षांची असो, विमा आणि पीयूसी झाल्याशिवाय डांबरी रस्त्यावर नेऊ नका. तोवर वावराच्या धुऱ्याने पहिल्या गिअरमध्ये फिरवा, ब्रेक मारून बघा, परत येऊन चारही चाकांना हात लावा. एखादं जास्त तापलं तर तिथला ब्रेक अडकतोय. ५०० किलोमीटर झाले की डिझेल फिल्टर पुन्हा बदला, टाकीच्या कोपऱ्यातला उरलेला गाळ तोवर त्यात आलेला असतो.