दोन चित्रकारांचे एकत्र प्रदर्शन कसे मांडावे

दोघांनी मिळून प्रदर्शन भरवण्याचा विचार बहुधा खर्चापासून सुरू होतो. दालनाचे भाडे निम्मे होते, हे खरे आहे. परंतु डावी भिंत एकाची आणि उजवी दुसऱ्याची अशी वाटणी केली, तर प्रेक्षकाला एकाच छपराखाली दोन लहान प्रदर्शने दिसतात. एकाची रेखाचित्रे आणि दुसऱ्याची रंगचित्रे असतील, तर मांडणीचा विचार अधिकच बारकाईने करावा लागतो, कारण मोठ्या कॅनव्हासशेजारी पेन्सिलीची रेघ सहज हरवते.

सर्वप्रथम दालन ठरवावे. मुंबईतील जहांगीर कलादालनात (स्थापना 1952) तारीख मिळण्यासाठी काही वर्षे थांबावे लागते, म्हणून तेथे अर्ज करतानाच पुण्यातील बालगंधर्व कलादालन किंवा कोल्हापुरातील शाहू स्मारक भवन यांसारख्या ठिकाणीही चौकशी करावी. दालन पाहायला दोघांनी टेप घेऊन जावे आणि भिंतींची मापे, विजेची बटणे, तसेच ऊन कोठून येते हे टिपून ठेवावे. भाडे, छपाई, वाहतूक यांचा वाटा आणि एकाचेच चित्र विकले गेले तर काय करायचे, हे त्याच आठवड्यात कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मैत्री कितीही जुनी असली तरी हे टाळू नये.

दुसरी पायरी निवडीची. प्रत्येकाने लागणार असतील त्याच्या दुप्पट चित्रे आणावीत, ती जमिनीवर पसरावीत आणि आपली नव्हे, तर दुसऱ्याची चित्रे निवडावीत. माझ्या अनुभवात याहून उपयुक्त युक्ती नाही. स्वतःचे लाडके चित्र बाजूला ठेवणे आपल्याला जमत नाही, सोबत्याला जमते.

कागदावरील कामाला फ्रेम करताना माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आम्लमुक्त घ्यावा आणि काच कागदाला टेकणार नाही एवढी त्याची जाडी असावी, अन्यथा दमट हवेत कागद काचेला चिकटतो. कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्रावर अॅक्रिलिकची पारदर्शक शीट लावू नये. तिच्यातील स्थिर विद्युत रंगाची भुकटी ओढून घेते. तैलचित्र मात्र काचेविना टांगलेले चालते.

भिंतीचे नियोजन आधी घरी करावे. 1:20 प्रमाणात 6 मीटरची भिंत 30 सेंटिमीटरची होते. त्याच प्रमाणात चित्रांचे तुकडे कापून ते सरकवत राहावे. दोघांची चित्रे विषय, रंग किंवा रेघेची लय पाहून जवळ आणावीत, मात्र एक रेखाचित्र, एक रंगचित्र असे ठरावीक आलटूनपालटून लावू नये. चार-पाच रेखाचित्रांचा गट करून त्याभोवती भिंत मोकळी सोडली, की त्यांना स्वतःचा आवाज मिळतो. आमच्या एका प्रदर्शनात मांडणी उत्तम जमली, असे वाटत असतानाच दिवे लावले आणि एका नाजूक रेखाचित्राच्या काचेत समोरच्या भिंतीवरचे लालभडक कॅनव्हास जसेच्या तसे दिसू लागले; रात्री अकराला सगळी भिंत पुन्हा लावावी लागली. तेव्हापासून काचेच्या फ्रेमसमोर मी फिक्या रंगाचेच काम ठेवते आणि एक चित्र टांगून लगेच दिवा लावून पाहते.

टांगताना सर्व चित्रांचे मध्यबिंदू जमिनीपासून साधारण 150 सेंटिमीटरवर यावेत. फ्रेमची उंची 90 असेल आणि ताणलेली तार वरच्या कडेपासून 8 सेंटिमीटर खाली येत असेल, तर खिळा 150 अधिक 45 वजा 8, म्हणजे 187 सेंटिमीटरवर ठोकावा. शेवटी पाणसळ लावावी, कारण डोळा फसतो.

चित्राशेजारच्या पट्टीवर चित्रकाराचे नाव, शीर्षक, माध्यम, माप आणि वर्ष द्यावे. दोघांच्या पट्ट्या एकाच अक्षरवळणात असाव्यात. दालनात रोज दोघांपैकी एकाने तरी पूर्ण वेळ थांबावे आणि सोबत्याच्या चित्रांविषयी बोलण्याइतके त्याच्याकडून आधीच समजून घ्यावे.

परत नेताना तैलरंगाच्या पृष्ठभागाला बबलरॅप थेट लावू नये, फुगे रंगावर उमटतात. आधी ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, मग बबलरॅप, आणि टेम्पोत चित्रे उभीच ठेवावीत.