लाकडावरचे पोपडे ओळखताना

मराठवाड्यात कुठली आलीय बुरशी, असं एम.एस्सी.ला असताना मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. श्रावणात गौताळ्याच्या नाहीतर किनवटच्या जंगलात जा आणि पडलेली सागाची फांदी उलटून बघा. ना छत्री, ना देठ. नुसता पांढरा, करडा किंवा तपकिरी पोपडा लाकडाला चिकटलेला. हीच ती बुरशी. बीजाणू खाली गळायला मोकळी जागा लागते आणि ओलही तिथेच टिकते, म्हणून तो बहुतेक वेळा खालच्या अंगालाच सापडतो. ओंडका नेहमी आपल्याकडे ओढून उलटा. खाली विंचू किंवा फुरसं असलं तर पलीकडून निघून जातं. बघून झालं की होता तसाच ठेवा.

माझा आग्रह एकच: आधी झाडं शिका. साग, धावडा, सालई, अंजन हे सालीवरून आणि लाकडावरूनही ओळखता आले पाहिजेत. झाडाची नोंद नसेल तर नमुन्याची निम्मी किंमत गेली. मग कूज बघा. लाकूड फिकट, मऊ, तंतुमय झालं असेल तर लिग्निनही (लाकडाला कडकपणा देणारा घटक) खाल्लं गेलंय, ती पांढरी कूज. चौकोनी तुकडे पडत असतील तर तपकिरी. आपले बहुतेक पोपडे पांढऱ्या कुजीचे.

नुसत्या फोटोवरून नाव सांगायची घाई करू नका. तपकिरी पोपड्यावर मात्र ५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकून बघाच. डोळ्यांदेखत काळा पडला, तर तो हायमेनोकीट (Hymenochaete) या बुरशीच्या भाऊबंदांपैकी. पुढे ब्लेडने पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि पृष्ठभागातून तपकिरी, टोकदार काटे वर आलेले दिसले की तर्क पक्का होत जातो. मला आजही ते काटे दिसले की फार आनंद होतो! फिकट पोपडे ओळखायला जास्त चिवट. तिथे बीजाणूंचा आकार आणि तंतूंच्या जोडांवरचे क्लॅम्प (छोटे आकड्यासारखे फुगवटे) शांतपणे शोधावे लागतात.

अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय काही उचलू नका. नमुना प्लॅस्टिकमध्ये नको, कागदातच. प्लॅस्टिकमध्ये त्यावर दुसरीच बुरशी चढते. ओळखीच्या किल्ल्या (लक्षणं जुळवत नावापर्यंत नेणारे तक्ते) बऱ्याचशा युरोप-अमेरिकेतल्या जातींवर बेतलेल्या आहेत, तेव्हा ओढूनताणून जात (species) लावण्यापेक्षा प्रजातीपाशी (genus) थांबलेलं बरं. नीट वाळवलेल्या नमुन्यातून पुढे डीएनएही काढता येतो. पाकिटावर झाड, ठिकाण, तारीख आणि ओला असतानाचा रंग तेवढा लिहून ठेवा. वाळला की तो रंग राहत नाही.