गेमिंग आणि एडिटिंगसाठी पीसी जुळवताय? पार्ट घेताना या चुका टाळा

मुंबईत ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात शिरा, पहिला प्रश्न येतो, “बजेट किती?” दुसरा, “गेमिंग की एडिटिंग?” तुम्ही म्हणता, “दोन्ही.” पाच मिनिटांत कोटेशन हातात पडतं. त्यात सगळ्यात मोठा आकडा ग्राफिक्स कार्डाचा असतो आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कुठेतरी तळाशी, कंपनीच्या नावाशिवाय, नुसत्या वॅटच्या आकड्यासह. कॅमेरा कोणता, फूटेज कसलं, मॉनिटर कोणता, खोलीत एसी आहे का, हे कोणी विचारत नाही. दुकानदाराकडे तेवढा वेळ नसतो, त्यामुळे ही उत्तरं आपणच घेऊन जायला हवीत. घरातून लाखभर रुपये काढून मशीन उभं करणाऱ्या मुलांच्या तक्रारी मी सतत ऐकतो. त्यात पार्ट खरोखर खराब निघाल्याचं क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा चांगला पार्ट भलत्याच कामाला जुंपलेला असतो, किंवा त्याच्या शेजारी हलका पार्ट बसवलेला असतो.

फूटेज न बघता प्रोसेसर ठरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. लग्नाचं शूटिंग करणारे बरेच जण आता सोनी ए७ फोर किंवा कॅनन आर६ अशा कॅमेऱ्यांवर काम करतात. त्यांत १० बिट (रंगांच्या जास्त छटा), ४:२:२ (रंगांची जास्त माहिती), एच.२६५ (फाइल खूप दाबून लहान करण्याची पद्धत) असा रेकॉर्डिंगचा पर्याय असतो. फाइल आटोपशीर राहते आणि कलर ग्रेडिंगला भरपूर वाव मिळतो, म्हणून तो लावला जातो. पण टाइमलाइनवर ही फाइल उलगडणं प्रोसेसरला फार जड जातं, आणि एनव्हिडियाच्या ४० सिरीजपर्यंतच्या ग्राफिक्स कार्डांत ४:२:२ एच.२६५ उलगडण्याची हार्डवेअर सोयच नाही. म्हणजे आरटीएक्स ४०७० घेतलेला माणूस हळदीचा व्हिडिओ स्क्रब करताना (पुढे-मागे सरकवून पाहताना) दर सेकंदाला अडखळतो आणि कार्ड मात्र निवांत बसलेलं असतं. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या इनबिल्ट ग्राफिक्सला हे काम जमतं. क्विक सिंक म्हणतात ते हेच. एनव्हिडियाने ही सोय २०२५ मध्ये आलेल्या ५० सिरीजपासून दिली.

आता कोटेशनकडे परत बघा. इंटेलच्या मॉडेल नंबरच्या शेवटी ‘एफ’ असेल तर इनबिल्ट ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. फक्त गेम खेळणाऱ्याने एफ घेऊन पैसे वाचवावेत, हरकत नाही. ४:२:२ कापणाऱ्याने घेऊ नये.

आपलं फूटेज कसलं आहे हे कळायला मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर पुरतं. त्यात क्लिप टाका आणि ‘क्रोमा सबसॅम्पलिंग’ची ओळ वाचा, ४:२:२ आहे का ते तिथे कळतं. मशीन आधीच घेऊन झालं असेल तर क्लिप प्ले करून टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा ‘व्हिडिओ डीकोड’ आलेख बघा. तो शून्यावर आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर असेल तर रोग सापडला. लगेच नवा प्रोसेसर घ्यायला धावू नका. प्रॉक्सी बनवा, म्हणजे एडिटसाठी हलक्या प्रती, एक्स्पोर्टला मूळ फाइल. प्रीमियर आणि दाविंची रिझॉल्व्ह या दोन्ही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. रात्री प्रॉक्सीला लावून झोपलात की सकाळी त्याच मशीनवर काम सुरळीत सुरू होतं.

खेळ आणि काम यांत मात्र कौल द्यावा लागतो. एएमडीच्या रायझेन ७ ७८००एक्स३डी मध्ये ८ कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आणि ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे. गेममध्ये तो इतका चांगला चालतो ते या कॅशमुळे. एक्स्पोर्टला कॅशपेक्षा कोअर जास्त उपयोगी पडतात, तिथे १२ किंवा १६ कोअरचा रायझेन ९ पुढे जातो. माझं मत सरळ आहे: ज्या कामाचे पैसे मिळतात, त्याच्या बाजूने निवडा. दोन-चार फ्रेम कमी आल्या म्हणून कोणाचं नुकसान होत नाही, पण डिलिव्हरी उशिरा गेली तर ग्राहक जातो.

इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय७, आय९ सेकंडहँड मिळत असेल तर जपून. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर हळूहळू अस्थिर होत होते. त्यावर उपाय करणारा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा सुधारित संच, ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि इंटेलने वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. बायोस (मदरबोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याने पुढचं नुकसान टळतं, पण झालेलं भरून येत नाही. आधीचा मालक अपडेट न करता वर्षभर वापरत होता का, हे विचाराच.

नुसत्या नावावर कार्ड घेणं

आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीत मिळतं आणि १६ जीबीतही. खोका जवळपास सारखाच दिसतो. फोरकेची टाइमलाइन, त्यावर नॉइज रिडक्शन, असं रिझॉल्व्हमध्ये करणार असाल तर ८ जीबी मेमरी भरून जाते आणि ‘जीपीयू मेमरी फुल’ असा संदेश येतो. १६ घ्या. हे कार्ड पीसीआयईच्या (ते बसतं त्या स्लॉटच्या) ८ लेनवरच, म्हणजे डेटाच्या ८ वाटांवरच चालतं, हीसुद्धा लक्षात ठेवायची गोष्ट. नव्या मदरबोर्डावर काही बिघडत नाही, पण पीसीआयई ३.० च्या जुन्या बी४५० बोर्डावर बसवलंत तर काही गेममध्ये फरक जाणवतो, ८ जीबीवाल्यात जास्तच.

रॅम: “आत्ता एक टाका, दुसरी पुढे बघू”

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले, त्यामुळे हे वाक्य हल्ली जास्त ऐकू येतं. एकाच स्टिकवर मशीन सिंगल चॅनलमध्ये चालतं आणि खेळ, काम दोन्ही ठिकाणी मार खातं. १६ जीबीची एक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या, आणि एडिटिंग पोटापाण्याचं असेल तर १६-१६ चं किट एकदमच घ्या. पुढे चार स्टिक करू, हा हिशेबही डीडीआर५ (रॅमची सध्याची पिढी) मध्ये फसवा आहे. रायझेन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आहे आणि चार स्टिकला फक्त ३६००.

दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. ६००० ची रॅम घेऊन महिनोन्‌महिने ४८०० वर चालवणारे कितीतरी जण आहेत, कारण टास्क मॅनेजरमधला वेग त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. एक्स्पो चालू केल्यावर मशीन मध्येच अडकू लागलं तर रॅम परत करायच्या आधी बायोस अपडेट करा आणि एक रात्र मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवा.

एसएमपीएसवर वाचवलेले पैसे

लालबागचा एक मुलगा गणपतीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ करतो. त्याचं मशीन रेंडर लावलं की धाडकन रीस्टार्ट व्हायचं. विंडोज पुन्हा टाकून झालं, ड्रायव्हर बदलून झाले. “दादा, कार्डच गेलं असणार ना?” असं म्हणून तो रडकुंडीला आला होता. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची बिघाडांची नोंदवही) उघडला तर ‘कर्नल-पॉवर ४१’च्या नोंदींची रांग. ही नोंद एवढंच सांगते की मशीन आधी नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. तापमान ठीक होतं. कॅबिनेट उघडलं तेव्हा दिसलं की कार्डाच्या दोन्ही ८-पिन सॉकेटला एकाच केबलची दोन तोंडं लावलेली, आणि एसएमपीएस कुठल्यातरी अनोळखी कंपनीचा, अंगावर मोठ्या अक्षरांत ६५०. दोन वेगळ्या केबल लावून पाहिल्या तरी रीस्टार्ट थांबेना. ओळखीच्याकडून चांगला ७५० वॅटचा आणून जोडला, रेंडर पूर्ण झालं. “अरे, कार्ड ठणठणीत आहे तुझं,” म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला.

ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी ठरलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळी घेतं. ती उसळी पेलायची ताकद स्टिकरवरच्या आकड्यात दिसत नाही. ८० प्लस गोल्ड हे वीज किती कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र आहे, आतल्या मालाच्या दर्जाचं नव्हे. नवीन घेताना एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेला घ्या, त्यात अशा उसळ्या धरूनच मानक ठरवलं आहे. आरटीएक्स ५०७० ला एनव्हिडिया ६५० वॅट सांगते, ५०७० टीआयला ७५०. त्याखाली उतरू नका. १६ पिनांचा नवा कनेक्टर पूर्ण आत जाईपर्यंत दाबा आणि केबल तोंडाशीच वाकवू नका. २०२२ पासून ४०९० कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या ज्या तक्रारी आल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी कनेक्टर अर्धवट बसलेला होता. आणि जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल नव्याला कधीच लावू नका. तोंड बसतं, पण पिनांची मांडणी वेगळी असते आणि हार्ड डिस्क जळते.

यूपीएसचंही असंच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. गेम चालू असताना लाइट गेली की तो मशीनसकट बंद पडणार. वॅटचा आकडा वाचून घ्या.

जुन्या चाळीत कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. महागातला एसएमपीएससुद्धा अर्थिंगची जागा घेऊ शकत नाही.

मुंबईची हवा विसरून कॅबिनेट निवडणं

समोर काचेचं तावदान आणि आत सात रंगांचे पंखे, फोटोत छान दिसतं. मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत तेच मशीन तापून वेग कमी करतं. पुढून जाळी असलेलं, धुळीचा फिल्टर काढून धुता येईल असं कॅबिनेट घ्या. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एखादा जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. टेबलाखालच्या बंद कप्प्यात कॅबिनेट कोंबू नका, जागा कितीही कमी असली तरी. कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटच्या मापाशी आधी जुळवा. आणि कूलरच्या बुडाचं प्लॅस्टिक काढलंय ना, हे बघा. नवं मशीन पहिल्याच मिनिटात ९५ अंशांवर गेलं तर पहिला संशय त्याच्यावर घ्या.

पावसाळ्यात माहीम, वरळी, वर्सोवा अशा समुद्रालगतच्या घरांत दमट खारी हवा कनेक्टरवर बसते. गावाला जाऊन आल्यावर मशीन चालू होत नाही, पंखे फिरतात, डिस्प्ले नाही, ही ऑगस्टमधली नेहमीची तक्रार. स्विच बंद करून प्लग काढा, रॅम काढून तिचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबरने हलके पुसा, कण झटका, परत बसवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पावसाळाभर रोज थोडा वेळ मशीन चालू ठेवलं तर ही वेळ कमी येते.

डिस्कबद्दल थोडक्यात: विंडोज एका एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर), चालू प्रोजेक्ट आणि एडिटिंग सॉफ्टवेअरची कॅश (तात्पुरत्या फाइल) दुसऱ्यावर, जुनं काम हार्ड डिस्कवर. स्वस्त क्यूएलसी प्रकारच्या एसएसडी मोठी कॉपी करताना सुरुवातीला धावतात आणि आतली कॅश भरली की रांगतात. कॅमेऱ्याचं शंभर जीबीचं कार्ड ओतणाऱ्यांनी टीएलसी प्रकारची घ्यावी, ती वेग जास्त टिकवते.

जोडलं, पण चालू होत नाही

एएम५ बोर्ड (नव्या रायझेनचा मदरबोर्ड) पहिल्यांदा चालू करताना डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे तिच्याशी जुळवून घेतो. काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. त्या वेळात घाबरून बटण दाबू नका. नंतरही काही दिसलं नाही तर बोर्डावरचे सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे बघा. जो पेटून राहिलाय तिथून तपास सुरू करा. सीपीयूचा पेटला असेल तर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली ८-पिनची वायर बहुतेक राहिलेली असते. चित्र आलं, पण गेम रखडतोय? मॉनिटरची वायर बोर्डात खोचली आहे की कार्डात, ते आधी बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० वरच राहिलेला असतो, तोही बदला.

बिल जीएसटीचं, पक्कं, आणि प्रत्येक पार्टाचा सीरियल नंबर लिहिलेलं घ्या. १८ टक्के वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या कार्डाला वर्षभराने काही झालं तर सर्व्हिस सेंटर दारात उभं करत नाही. दुबईहून कोणी आणून देणार असेल तर त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी विचारा. मदरबोर्डाच्या सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण फेकू नका. पिना वाकल्या नाहीत हे दाखवून बोर्ड परत द्यायचा झाला तर ते झाकण लावूनच मागतात. लॅमिंग्टन रोडवर बरीच दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारी जात असाल तर सकाळीच जा, म्हणजे काही बदलायचं निघालं तर त्याच दिवशी परत फिरता येतं.