बर्फाचा ऑरेंज-रेड अलर्ट आणि आपली सहल: मराठवाड्यातून हिवाळ्यात उत्तरेकडं जाताय तर हे वाचून जा

डिसेंबर लागला की आमच्या लातूर-नांदेडकडं दोन गोष्टींचं बोलणं सुरू होतं, एक हुरडा आणि दुसरं मनाली-काश्मीर. कापूस-सोयाबीनचे पैसे हातात असतात, लेकरांना नाताळाच्या सुट्ट्या असतात, आणि आयुष्यात एकदा तरी बर्फ बघायचा असं घरातल्या म्हाताऱ्यांपासून सगळ्यांचंच म्हणणं असतं. जरूर जा. पण आपल्याला पाऊस कळतो, नदीला पूर आला की पुलावरून गाडी घालायची नाही हे लहानपणापासून माहिती असतं, बर्फाचं तसलं काहीच आपल्याला माहिती नसतं, आणि तिथं जाऊन शिकायला वेळ मिळत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी तिकडचं वादळ म्हणजे काय ते समजून घ्या. आपल्याकडचा वळीव कसा, चारला ढग येतात, कडकड होते, सहाला मोकळं. तिकडं तसं नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघालेली वाऱ्याची प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयाला येऊन धडकते, तिला तिकडं पश्चिमी विक्षोभ म्हणतात, आपल्या पेपरात पश्चिमी चक्रावात छापून येतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधी आपल्या मराठवाड्यात गारपिटीनं गहू-ज्वारी, द्राक्षं आडवी झाली ना, त्यातही पश्चिमेकडून येणाऱ्या या वाऱ्यांचा हात होता. सांगायचं कारण असं की ही प्रणाली इतक्या लांबून येते म्हणून ती येतेय हे हवामान खात्याला तीन-चार दिवस आधी दिसतं. म्हणजे इशारा येतो तेव्हा तुम्ही बहुतेक घरी तरी असता नाहीतर रेल्वेत तरी. निर्णय घ्यायची वेळ तीच, घाटात पोचल्यावर नाही.

इशारा बघायचा कसा? मेघदूत आणि दामिनी बऱ्याच शेतकऱ्यांच्या मोबाईलवर असतंच, त्याच्या जोडीला हवामान खात्याचं मौसम ॲप टाकून घ्या. रंग तेच, हिरवा, यलो, ऑरेंज, रेड. पण इशारा जिल्ह्याचा असतो, पर्यटनाच्या गावाचा नसतो, आणि इथंच लोक चुकतात. मनाली कुल्लू जिल्ह्यात आहे पण अटल बोगद्यातून पलीकडं निघालात की तुम्ही लाहौल-स्पितीत, म्हणून दोन्ही जिल्हे बघायचे. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात, सोनमर्ग गांदरबलमधी, पहलगाम अनंतनागमधी. नुसतं श्रीनगर टाकून बघितलं की चित्र साधं दिसतं आणि माणूस निर्धास्त होतो.

दुसरं म्हणजे उंची. मनाली साधारण २०५० मीटरवर, अटल बोगद्याचं मनालीकडचं तोंड ३०६० मीटरवर, आणि हजार मीटर वर गेलं की ढोबळमानानं सहा अंश तापमान उतरतं. त्यामुळं मनालीत ३-४ अंश आणि रिमझिम पाऊस असंल तर वर बर्फच पडत असतो हे गृहीत धरा. मनालीत पाऊसच आहे, चला जाऊन येऊ, असं म्हणून निघालेल्या गाड्याच संध्याकाळी अडकतात. आणि अंदाजात मिलिमीटर दिसले तर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १ सेंटिमीटर बर्फ असा हिशेब लावा. ५० मिलिमीटर म्हणजे आपल्याला मध्यम पाऊस वाटतो, तिथं तो अर्धा मीटर बर्फ होतो, गाडीचं जवळजवळ सगळं चाक त्यात जातं. हिमस्खलनाचा इशारा वेगळा असतो, तो चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था देते. तो असंल तर रस्ता चालू दिसला तरी वर जाऊ नका, बर्फ पडायचा थांबल्यावर लख्ख ऊन पडतं तेव्हाच बऱ्याचदा बर्फाचे कडे सुटून खाली येतात.

आता रंग बघून करायचं काय. यलो असंल तर जा पण दुपारी दोनच्या आत खाली या, अंधार तिथं पाचलाच पडायला लागतो. ऑरेंज असंल तर वर चढूच नका, जिथं आहात तिथं राहा, अजून मनालीला पोचलेलाच नसाल तर मंडी-कुल्लूत थांबा, काश्मीरला रस्त्यानं चालला असाल तर जम्मू-उधमपूरला थांबा, कारण पुढं रामबन-बनिहालच्या पट्ट्यात हायवे बंद पडला की ना पुढं ना मागं. रेडला तर चर्चाच नको. यासाठी सहलीत दोन दिवस मोकळे धरावेच लागतात, पाच दिवसांत सगळं उरकायचं म्हणलं की माणूस अलर्टकडं डोळेझाक करतो. गाडीवाला, एजंट, हॉटेलवाला, सगळे म्हणतील काही होत नाही जी, रोजचंच आहे. त्यांचं रोजचं असंल, आपलं नाही. २०२४ च्या नाताळात मनालीच्या वरच्या सोलंग आणि अटल बोगद्याच्या रस्त्यावर हजारो लोक गाड्यांत अडकले होते, त्यात आपल्यासारखेच सुट्टीला आलेले होते.

माझं सांगतो. आम्ही चौदा जण, चंदीगडहून टेम्पो ट्रॅव्हलर केलेली, ऑरेंज अलर्ट मी स्वतः सकाळी बघितला होता, पण एजंटचं ऐकलं आणि लेकरांची तोंडं बघून निघालो. एकला भुरभुर सुरू झाली, तीनला सोलंगच्या वर रांग लागली ती पहाटे चारला हलली. रात्री नऊच्या सुमाराला मावशी म्हणायला लागली डोकं ठणकतंय, मागं भाचीला मळमळायला लागलं. आम्हाला वाटलं गाडी लागली असंल, वेलचीची साल दिली. ड्रायव्हर तिथलाच, वयस्कर माणूस. त्यानं मागं वळून बघितलं, काही न बोलता इंजिन बंद केलं, सगळ्या काचा खाली केल्या आणि उतरला. मी पण उतरलो. मागचा सायलेन्सर दिसतच नव्हता, बर्फात गाडला होता, आणि हीटरसाठी चार तास इंजिन चालूच. फावडं कुणाकडंच नव्हतं. आमच्याजवळ कणीक मळायची जर्मनची परात होती, तिनं आम्ही दोघांनी बर्फ उपसला, हात असे झाले होते की परातीची कड बोटाला कापली ते मला गाडीत बसल्यावर रक्त बघून कळलं. मावशीचं डोकं उतरायला तासभर लागला.

सायलेन्सर बुजल्यामुळं गाडीत शिरलेला तो गॅस म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही, धूर दिसत नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप येणं एवढंच कळतं, आणि झोप लागली तर उठणं होत नाही. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानात मरी नावाच्या डोंगरावरच्या गावाला असंच बर्फात गाड्या अडकल्या आणि एका रात्रीत २० च्या वर माणसं गाडीतच गेली, कितीतरी जण याच गॅसनं. म्हणून अडकलात तर हे नीट पाळा: इंजिन तासात दहा मिनिटंच चालू ठेवायचं, त्याआधी दर वेळी खाली उतरून सायलेन्सरच्या भोवतीचा बर्फ काढायचा, आणि वारा ज्या बाजूनं येतो त्याच्या उलट्या बाजूची काच दोन बोटं उघडी ठेवायची. सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही, पाळी लावायची. हॉटेलच्या खोलीत शेगडी किंवा कोळशाची अंगीठी लावून दार-खिडकी बंद करून झोपणं हे पण तितकंच जीवघेणं, कडाक्याच्या थंडीत कुणी प्रेमानं आणून दिली तरी झोपायच्या आधी बाहेर काढा.

गाडी सोडून चालत निघू नका. समोर दिवे दिसतात, किलोमीटरभर वाटतं, पण बर्फात तेवढं चालणंही होत नाही आणि रस्त्याची कड दिसत नाही. मदतीला येणाऱ्यांनाही माणसापेक्षा गाडी लवकर सापडते.

कपड्याचं थोडक्यात सांगतो. परभणीत पारा चार-पाचवर आला की आपण पेपरात वाचतो, तिथं उणे दहा सहज असतं. एक जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला. जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. मोज्यांचे चार जोड वेगळे ठेवा, भिजलेला मोजा लगेच बदलायचा. एक वाकळ किंवा जाड चादर जागा खाते म्हणून घरी ठेवू नका, आम्हाला त्या रात्री तिनंच तारलं. बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळायची नाहीत, बर्फ तर मुळीच लावायचा नाही, काखेत धरायची किंवा कोमट पाण्यात ठेवायची. आणि दारूनं ऊब येते हे खोटं आहे, अंगातली ऊब उलटी लवकर जाते. खायला शेंगदाण्याची चटणी-दशम्या, गूळ, खजूर, पाणी असू द्या. बीपी-शुगरच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत नको, जवळच्या पिशवीत.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांना माझं स्पष्ट मत, पायथ्यापर्यंत न्या, वर तिथलीच गाडी करा. गुलमर्गला बर्फ असला की पायथ्याच्या टंगमर्गला गाडी सोडून चाकाला साखळ्या लावलेली तिथली गाडी करावी लागते, त्यात पैसे गेले असं समजू नका. तरी चालवायचीच असंल तर सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी निघूच नका, रात्री गोठलेलं पाणी डांबरावर काचेसारखं बसतं आणि रस्ता नुसता ओला दिसतो. ब्रेक मारला की गाडी गेलीच, खालच्या गिअरवर इंजिननंच वेग कमी करायचा. साखळ्या ज्या चाकांना इंजिनचा जोर जातो त्यांनाच बसवायच्या. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून बसतो, गाडी गिअरमधी टाका आणि चाकाला दगड लावा. डिझेल इकडून भरून नेलेलं असंल तर कडक थंडीत त्यात मेण धरतं आणि गाडी सुरूच होत नाही, वरच्या भागातल्या पंपावरचं भरा.

डोंगरात जायचं नसंल, नुसतं अमृतसर-दिल्लीला जायचं असंल तरी धुक्याचा इशारा बघा. ५० मीटरच्या आत दिसत असंल तर हवामान खातं त्याला अतिदाट धुकं म्हणतं. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंडनं ज्यांनी जानेवारीत प्रवास केलाय त्यांना माहिती आहे, दिल्लीच्या पुढं-मागं गाडी किती तास रेंगाळंल सांगता येत नाही, म्हणून पुढची गाडी किंवा विमान त्याच दिवसाचं काढू नका. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असंल आणि तुम्हाला जायचंच नसंल तर ती सुटायच्या आधी टीडीआर, म्हणजे तिकिटाचे पैसे परत मागायचा अर्ज, भरा, पूर्ण पैसे परत मिळतात. रस्त्यानं धुक्यात हाय बीम लावू नका, समोर पांढरी भिंतच उभी राहते, डीपरवर चालवा. थांबायचंच असंल तर रस्त्याच्या कडेला नको, ढाब्यावर नाहीतर पंपावर पूर्ण आत घ्या.

मोबाईल थंडीत भराभर उतरतो, पॉवर बँक आणि फोन दोन्ही आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. काश्मीरात बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, घरातल्या निदान एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या. मदतीला ११२ आहे. आणि निघायच्या आधी घरी मागं राहणाऱ्या कुणाला तरी गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा नंबर, हॉटेलचं नाव लिहून द्या. रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर घाबरायचं नाही, दहापर्यंत आला नाही तर तिथल्या जिल्ह्याचा एसटीडी कोड लावून १०७७ ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला, फोन करायचा, असं ठरवूनच निघा. इथून ११२ लावलं तर तो महाराष्ट्रातच लागतो, म्हणून तो कोड पण त्याच कागदावर लिहून ठेवा.