केळीच्या सालीवर पहिला टाका: दुर्बिणीतून शिवण्याचा घरचा सराव

गर्भपिशवी दुर्बिणीतून मोकळी करणं बऱ्याच जणांना तुलनेने लवकर जमतं. हात अडतो तो वॉल्ट, म्हणजे पिशवी काढल्यावर योनीच्या वरच्या टोकाला उघडं राहिलेलं तोंड, शिवताना. कापायला आणि रक्त थांबवायला यंत्राची मदत असते, पण सुई धरणं, ती फिरवणं आणि गाठ बसवणं हे सगळं हातावर असतं. धुळे-जळगावच्या मेडिकल कॉलेजातले रेसिडेंट असोत की शहादा, चाळीसगावला नुकते प्रॅक्टिसला बसलेले स्त्रीरोगतज्ज्ञ, पुण्या-मुंबईच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत टाका कसा घ्यायचा ते कळतं. तो हातात मुरतो रोजच्या सरावाने, आणि त्यासाठी महागडा सिम्युलेटर लागत नाही.

झाकण असलेला, साधारण ४० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि २० ते २५ सेंमी उंच प्लास्टिकचा डबा घ्या. झाकणात मध्यभागी कॅमेऱ्यासाठी खिडकी कापा. यंत्रांसाठीच्या भोकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा दुहेरी तुकडा चिकटवून त्याला फुलीसारखी चीर द्या. रबर ढिलं असेल तर यंत्राचा टेकू सरकतो आणि पोटाच्या भिंतीवर मिळतो तसा आधार हाताला मिळत नाही. एक जोडी भोकं समोरासमोर, १५ ते २० सेंमी अंतरावर ठेवा. दुसरी जोडी डाव्या बाजूला, एकमेकांपासून ८ ते १० सेंमीवर. स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या डावीकडे उभं राहून दोन्ही हात एकाच बाजूने चालवावे लागतात, म्हणून दुसऱ्या जोडीवरच जास्त वेळ घालवा. पहिल्या जोडीवर यंत्रांमधला कोन ६० अंशांच्या आसपास मिळतो आणि सगळं सोपं वाटतं. दुसऱ्या जोडीवर तो कोन खूपच लहान होतो, यंत्रं एकमेकांवर आपटतात.

कॅमेऱ्यासाठी यूएसबी वेबकॅम उत्तम. मोबाइल वापरत असाल तर तो वायरने स्क्रीनला जोडा. वाय-फायने चित्र उशिरा पोचतं आणि त्या उशिराची हाताला चुकीची सवय लागते. ऑटोफोकस बंद करा, नाहीतर यंत्र हललं की चित्र धूसर होतं. उजेडासाठी यूएसबी एलईडी पट्टी आणि पॉवर बँक ठेवली की वीज गेली तरी सराव थांबत नाही. भुसावळच्या मे महिन्यात बंद डब्यावर ठेवलेला मोबाइल तापून कॅमेरा बंद करतो; तेव्हा पहाटे बसा किंवा वेबकॅमच घ्या.

टेबल इतकं खाली ठेवा की हँडल कोपराच्या पातळीवर येईल आणि कोपर ९० ते १२० अंशांत राहील. स्क्रीन समोर, डोळ्यांच्या किंचित खाली. स्क्रीन बाजूला ठेवून सराव केला की मान आखडते, आणि पडद्यावरची दिशा हाताच्या दिशेशी जुळत नाही.

यंत्रं ५ मिमीची: एक मेरीलँड (बाकदार टोकाचा चिमटा) किंवा साधा ग्रास्पर (पकडायचा चिमटा), एक कात्री, एक सरळ टोकाचा, लॉक होणारा नीडल होल्डर (सुई धरायचं यंत्र). थिएटरमधून बाद झालेली यंत्रं आणि मुदत संपलेलं पॉलीग्लॅक्टिन (टाक्यांचा विरघळणारा दोरा) चालतं. या यंत्रांवर लाल टेप गुंडाळा. सरावातलं यंत्र पुन्हा ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) जाता कामा नये, याची जबाबदारी एका माणसावर ठेवा.

पहिला आठवडा सुईला हात लावू नका. लाकडी फळीवर खिळे ठोका, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या सहा चकत्या कापा. चकती डाव्या यंत्राने उचला, हवेतच उजव्याला द्या, दुसऱ्या बाजूच्या खिळ्यावर ठेवा; सहा झाल्या की उलट दिशेने परत. अमेरिकेतल्या एफएलएस या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या मूलभूत कौशल्यांच्या परीक्षेत हाच खेळ आहे. तिथे प्रावीण्यासाठी धरली जाणारी वेळ ४८ सेकंदांची आहे, चकती बाहेर न सांडता. नंतर ताणून लावलेल्या गॉजवर (ड्रेसिंगच्या जाळीदार कापडावर) आखलेलं वर्तुळ कापा, ९८ सेकंदांत, रेषेपासून २ मिमीच्या आत. इथे चूक बहुधा कात्रीच्या हाताची नसते. डावा हात गॉज योग्य दिशेला ताणून देत नाही, म्हणून कात्री तिरकी जाते.

आता सुई. दोरा १५ सेंमी कापा. सुईपासून २ ते ३ सेंमीवर दोरा डाव्या ग्रास्परने धरा, सुई लोंबकळू द्या, तिचं टोक डब्यात ठेवलेल्या फोमच्या तुकड्याला हलकंच टेकवा. नीडल होल्डरने सुई दोऱ्याकडच्या एक तृतीयांशावर सैल पकडा. टोकाची दिशा चुकली असेल तर लॉक न करता दोरा डावीकडे-उजवीकडे ओढा; सुई जबड्यातच फिरते. ती होल्डरशी काटकोनात आली की लॉक करा. फक्त एवढंच, टाका न घेता, २० मिनिटं करा. आमच्या मते सगळ्या सरावातला सर्वांत मोलाचा वेळ हाच. ओटीत टाका फसतो तो बहुतेकदा सुई वाकडी धरल्यामुळे.

सुई पृष्ठभागाला काटकोनात टेकवा आणि मनगट फिरवा. ढकलू नका. ढकललं की सुई जबड्यात लोळते किंवा ऊती फाटते. सुई बाहेर आली की दोरा ओढून आखूड टोक २ सेंमी ठेवा. ते ५ सेंमी राहिलं तर वेढ्यातून ओढून काढताना अडकतं आणि वेढे सुटतात. लांब दोऱ्याचा इंग्रजी सी अक्षरासारखा फास करा, दुसरं यंत्र आखूड टोकाजवळ स्थिर ठेवा आणि त्याच्याभोवती दोन वेढे द्या. मग टोक पकडून दोन्ही यंत्रं विरुद्ध दिशांना, आडवी ओढा. वर ओढलं की टाका कापतो. पुढचे दोन वेढे एकेरी आणि आलटून पालटून उलट दिशेने. दिशा तीच राहिली तर गाठ सरकते, आणि स्क्रीनवर ती अगदी पक्की दिसते. म्हणून प्रत्येक गाठ डब्याबाहेर काढून बोटांनी ओढून बघा. असा टाका घेऊन गाठ मारायची एफएलएसमधली प्रावीण्याची वेळ ११२ सेकंद आहे. आधी गाठ टिकू द्या, वेळ नंतर आपोआप उतरते.

फोमवर जमलं की केळी घ्या. रावेर-यावलच्या पट्ट्यात त्यांची कमतरता नाही. अर्धवट पिकलेलं केळं, सालीला ३ सेंमीची चीर, आणि दर १ सेंमीवर एक टाका. फोम जोर सहन करतो, साल करत नाही: जास्त ओढलं की टाका साल चिरत बाहेर येतो. ग्रास्परने दाबलेल्या जागा काही तासांत काळ्या पडतात. रात्री शिवलेलं केळं सकाळी पाहा. डावा हात ऊतीला किती चिरडतो ते तिथे दिसतं. कच्च्या केळाचा चीक जबड्यात वाळतो, यंत्र लगेच धुवा.

वॉल्टसाठी जाड ट्यूबचा तुकडा गोल नळीसारखा उभा करा. काठापासून साधारण १ सेंमी आत टाका घ्या. खऱ्या शस्त्रक्रियेत काठ कापण्यासाठी वापरलेल्या विजेच्या करंटने भाजलेला असतो. काठावरच घेतलेला टाका मेलेल्या ऊतीत बसतो आणि पुढे वॉल्ट उसवण्याचा धोका वाढतो. कोपऱ्यात फार बाहेर जाऊन टाका घेण्याची सवयही लावू नका. गर्भपिशवीच्या मुखाच्या बाजूला साधारण २ सेंमीवर मूत्रवाहिनी असते.

रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा हे जास्त टिकतं. आठवड्याला एक व्हिडिओ सीनियरला दाखवा आणि गोल्स या दुर्बिणीतलं कौशल्य मोजण्याच्या पद्धतीने गुण मागा: खोलीचा अंदाज, दोन्ही हातांचा मेळ, कामातली काटकसर, ऊतीची हाताळणी, स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता, प्रत्येकी १ ते ५.

ओटीत आधी कॅमेरा धरा. ३० अंशांची दुर्बीण असेल तर कॅमेऱ्याचं डोकं सरळ ठेवून फक्त लाइट केबल फिरवा. डोकं फिरलं की क्षितिज कलतं आणि शिवणाऱ्याचा हात चुकतो. मग बिनटाक्याचं ऑपरेशन (दुर्बिणीतून कुटुंबनियोजन), तपासणीची दुर्बीण, नळीतला गर्भ, बीजकोशाची साधी गाठ, आणि त्यानंतर गर्भपिशवी काढणं. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातून आलेल्या रुग्णांची सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) तपासणी आधी करा. तो आजार असलेली रुग्ण शिकणाऱ्याच्या हाती देऊ नये. अशा शस्त्रक्रियेत पोट फुगवायच्या गॅसचा दाब शक्य तितका कमी, अंग उबदार आणि वेळ थोडा हवा. धडगाव-अक्कलकुव्याकडची बाई घरी गेल्यावर त्रास झाला तर उशिरा परतते, म्हणून तिला सोडण्याआधी ताप, लघवी आणि कंबरदुखीची विचारणा नीट करा.

पहिल्या वॉल्टला शस्त्रक्रियेआधीच वेळ ठरवा, समजा २० मिनिटं. तेवढ्यात शिवून झालं नाही तर सुई सीनियरकडे द्या किंवा उरलेला वॉल्ट खालून, योनीमार्गे शिवा.