गोठ्यात सापडलेलं जुनं हत्यार ओळखायचं कसं?

जुन्या गोठ्याचं माळवद उतरवायला घेतलं की मातीबरोबर लोखंडही खाली येतं. मोहोळकडच्या आमच्या गोठ्यात तुळईच्या खोबणीत खोचलेलं एक हत्यार निघालं. वीतभर लांब, मागे मूठ, पुढे पसरत गेलेलं पातं. गवंडी म्हणाला, जुनी करणी असंल. भाच्याला ते खुरपं वाटलं. दोघंही चुकले होते, आणि मीही आठवडाभर चुकत राहिलो. त्यातून हाती लागलेली पद्धत अशी.

आधी घासू नका

गंज दिसला की हात पॉलिश पेपरकडे जातो. माझाही गेला. एक बाजू लखलखीत केल्यावर लक्षात आलं, की दुसऱ्या बाजूला काळा, तेलकट थर आहे आणि पहिल्या बाजूचा मी घालवून बसलोय. असा थर म्हणजे त्या हत्याराचं काम कशाशी होतं याची खूण. म्हणून फक्त कोरडा ब्रश फिरवा, सुट्टी माती झाडा आणि थांबा. वस्तू कुठे, कशाशेजारी होती याचा फोटो हलवण्याआधीच काढा. आमच्या हत्याराजवळ खोबण असलेलं एक लाकडी चाक पडलं होतं. ते सरपणात जाता जाता वाचलं.

मोजा, तोला, चुंबक लावा

लांबी, रुंदी, वजन लिहून ठेवा. चुंबक चिकटला तर लोखंड किंवा पोलाद, नाही तर पितळ-काशाचा विचार करा. वजन 933 ग्रॅमच्या किंवा त्याच्या अर्ध्या-पावाच्या जवळ आलं, तर हातातली वस्तू हत्यार नसून शेराचं वजन असण्याची शक्यता आहे. 80 तोळ्यांचा शेर तेवढाच भरायचा.

झीज वाचा

खरी माहिती इथे असते, त्यामुळे घाई नको. वस्तू उन्हात तिरपी धरा. धार कुठे आहे? विळ्याची आतल्या वाकात असते, रंध्याच्या पात्याची पुढच्या कडेला. धार दोन्ही बाजूंनी काढलीय की एकाच? एकाच बाजूने असेल तर ते बहुतेक तासायचं किंवा सोलायचं हत्यार. पटाशी बघा, तशीच असते. मुठीचा मागचा भाग ठोकून ठोकून फुलासारखा पसरलाय का? मग त्यावर हातोडा पडत होता. तो भाग गुळगुळीत असेल तर हत्यार तळहाताने रेटलं जायचं. आमच्या मुठीला ठोकल्याची एकही खूण नव्हती, पात्याची धार पुढे होती आणि उगाळून उगाळून पातं तोकडं झालं होतं. करणीला कोण धार लावतो? गवंड्याचा अंदाज तिथेच बाद झाला.

मुठीवरून वय मात्र ठरवू नका. लाकूड मोडलं की बाभळीची नवी मूठ बसवायची हा आपल्याकडचा रिवाज. पातं आजोबाचं आणि मूठ नातवाची, असं सर्रास दिसतं.

लोहाराचं की कारखान्याचं?

ऐरणीवरच्या वस्तूच्या दोन बाजू कधी तंतोतंत सारख्या नसतात, घणाचे चपटे घाव दिसतात. ओतीव वस्तूवर साच्याची बारीक रेघ असते. अक्षरं दिसली तर कागद ठेवून पेन्सिल घासा, पुसट ठसाही उमटतो. सुताराच्या पटाशीवर ‘शेफिल्ड’ निघालं तर ती विलायतेहून आलेली. लोखंडी नांगराच्या तुकड्यावर ‘किर्लोस्कर’ असेल, तर तो 1903 च्या आधीचा नाही.

मग माणूस गाठा, आणि वस्तू त्याच्या हातात द्या

मोबाईलवर फोटो दाखवून ‘हे काय?’ विचारलं की माणूस अंदाज ठोकतो. वस्तू हातात दिली की आधी हात ओळखतो. शेतीचं वाटलं तर कुळव-पाभर चालवलेला म्हातारा शोधा. बैलाच्या सामानासाठी जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतला जनावरांचा बाजार गाठा. पत्र्या मारलेल्या खुरांत आयुष्य गेलेली माणसं तिथे भेटतात. विणकामाच्या मागाचं वाटलं तर सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांकडे चौकशी करा. तिथे भाषेचा घोळ होतो, तो गृहीत धरा. आपला माग तेलुगूत मग्गम्, अक्कलकोटकडे कानडीत मग्ग. म्हणून ऐकलेलं नाव सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे लिहून घ्या आणि शेजारी भाषा टिपा. तीन नावं मिळाली म्हणजे तीन हत्यारं झाली असं नाही.

आमच्या वस्तीवरच्या एका आजोबांना मी ते पातं दिलं. त्यांनी त्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. मूठ तळहातात बसवली, मांडीसमोर हवेतच पुढे रेटली आणि म्हणाले, ‘‘रापी हाय की ही. चामडं तासायची. तुज्या आज्याच्या विहिरीवर मोट होती, ती शिवायला माणूस हितंच येऊन बसायचा, चार-चार दिस.’’

काळा थर मोटेच्या चामड्याला पाजलेल्या तेलाचा असणार. त्या लाकडी चाकाबद्दल मग वेगळं विचारावं लागलं नाही.