टाळूवरचं लोणी कोण खातंय ते कसं ओळखायचं

कुठं पूर, वादळ आलं की आपण फोटो बघतो, हळहळतो आणि आठवड्यात विसरतो, संकटाचा फायदा उपटायचा खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. तो पकडायची माझी पद्धत सांगतो. उदाहरण अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचं, कारण तिथं सगळं तारखेनिशी सापडतं.

आधी एक कागद घ्या नि तारखा मांडा. कतरिना वादळ धडकलं 29 ऑगस्ट 2005 ला. 8 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बुशनी सरकारी बांधकामांवर तिथल्या चालू दराने मजुरी द्यायचा कायदा वादळग्रस्त भागात स्थगित केला. दहा दिवसांत! ओरड झाल्यावर नोव्हेंबरात परत लागू केला ते सोडा. त्याच नोव्हेंबरात राज्याने शहरातल्या 100 च्या वर शाळा ताब्यात घेतल्या, पुढे त्या चार्टर झाल्या म्हणजे पैसा सरकारचा नि कारभार खाजगी संस्थांचा, आणि 7000 च्या वर शिक्षक-कर्मचारी घरी बसले. शाळा आधी पण धड नव्हत्या, मान्य. पण एवढा प्लॅन तीन महिन्यांत सुचतो होय? फाईल तयारच असते, फक्त पाणी चढायची वाट.

मग बघा, निर्णय झाला तेव्हा माणसं कुठं होती. डिसेंबर 2007 मधे साधारण 4500 सरकारी घरं पाडायला नगर परिषदेनं मंजुरी दिली, तेव्हा तिथले कितीतरी भाडेकरू अजून ह्यूस्टन नाहीतर अटलांटासारख्या लांबच्या शहरांत. हरकत घेणार कोण?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सूट कुणाला ते शोधा. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत दक्षिण किनाऱ्यावर 100 मीटरच्या आत घर बांधायला बंदी आली, उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावर 200. कारण काय तर सुरक्षा. कोळ्यानं खोपटं बांधायचं नाही, हॉटेलला मात्र चालतं! लाट काय बोर्ड वाचून येते? पुनर्बांधणीच्या टास्क फोर्समधे हॉटेलधंद्यातली माणसं होती हे कळलं की कोडं सुटतं. पुढे ही बंदी सैल करावी लागली, पण तोवर कोळी किनाऱ्यापासून लांब, तात्पुरत्या शेडमधे.

आपल्याकडे असं काही झालं तर बातमीवर थांबू नका, मूळ जीआर डाउनलोड करा. तो भला मोठा असतो, सगळा वाचायची गरज नाही, 'वगळून', 'शिथिल' आणि 'तात्पुरत्या स्वरूपात' एवढेच शब्द शोधा, आणि तात्पुरतंच्या पुढे शेवटची तारीख आहे का बघा.